भिंगरीने हात सोडला

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी परत आली! पाचव्या पर्वाचे पहिले दोन भाग आज कामाला आले. वर्षभर डोळे लावून बसले होते. सकाळी बारक्याला डायलिसिसच्या खुर्चीत बसवलं, सिस्टरने नळ्या जोडल्या, आणि मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून कानात हेडफोन खुपसले. आत भावाचं रक्त धुतलं जातंय आणि बाहेर बहीण सुपरहिरो बघून खुदुखुदु हसतेय. शेजारच्या बाई जरा सरकूनच बसल्या.

माझं काम डबिंगचे संवाद लिहिण्याचं. परदेशी नटीने तोंड उघडलं की आपल्या भाषेतलं वाक्य त्याच तोंडात बसलं पाहिजे. ओठ मिटले की प, ब, भ, म यांतलं काहीतरी हवं. ओठ गोल झाले की उ किंवा ओ शोधा. अर्थाचं नंतर बघू. लोक नटांचे डोळे बघतात, मी आयुष्यभर तोंडं बघत आले. बारक्या म्हणतो, तू स्थळं आली तेव्हाही नुसती तोंडंच बघितलीस, म्हणून इथे बसलीयेस.

भिंगरी हे नावही माझंच. आमच्या दिग्दर्शिकेला ‘महाशक्ती’ हवं होतं. मी भांडले. म्हटलं, दोन वेण्या, कोपरावर फाटलेला स्वेटर, ही महाशक्ती दिसते का? ही पोरगी उडते, आणि ज्याला हात लावते ते हलकं होतं. ट्रक, पूल, माणूस, काहीही. पण हात लागलेला असेल तोवरच. सोडला की वजन जिथल्या तिथे. तिच्या भावाचे पाय लुळे पडलेत. चार पर्वं ती एका हाताने भावाला धरून फिरते आणि जगाला काय वाचवायचं ते दुसऱ्या हाताने वाचवते. असली सुपरहिरो मी दुसरी पाहिलेली नाही. आख्खी दुनिया मला विचारते की तुझ्या वयाला हे शोभतं का. नाही शोभत. मग?

बारक्याला सांगितलं, भाग आलेत, पण गोष्ट सांगणार नाही, करार असतो. तो म्हणाला, ‘‘तायडे, एवढंच सांग, भाऊ आहे ना अजून?’’ आहे, म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाईट दिवस. बारक्याच्या डाव्या हातातला फिस्टुला, म्हणजे सुई टोचण्यासाठी नसा जोडून केलेली वाट, बंद पडला. उजवा तर केव्हाच गेला होता. मानेतल्या जागा वापरून झाल्या. आता मानेत तात्पुरती नळी कशीबशी घातलीये आणि पुढच्या महिन्यात मांडीत कायमची घालू, असं किडनीचे डॉक्टर म्हणाले. आईची किडनी बसवली होती ती दोन वर्षांत गेली, पाठोपाठ आईही गेली. तेव्हापासून आमचं घर म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार.

बारक्याने मला चहा आणायला पाठवलं आणि डॉक्टरांशी एकट्याने बराच वेळ बोलला. मी चहा घेऊन आले तर दोघांनी विषय बदलला. काय बोलत होतात विचारलं तर म्हणाला, पुरुषांच्या गप्पा. येताना गाडीत शीळ घालत होता. चला, निदान मूड तरी चांगला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझा विश्वास बसत नाहीये. चौथा भाग आला. तिने त्याला सोडलं.

पूर आलाय. धरणाच्या भिंतीवरून भाऊ लोंबकळतोय, त्याचा हात तिच्या हातात. आणि ही बाई, चार पर्वं जिने आग, भूकंप, लग्न, काही काही म्हणून आडवं येऊ दिलं नाही, ती त्याच्याकडे बघते, दोन शब्द बोलते आणि तो खाली जातो. मूळ भाषेतले ते दोन शब्द म्हणजे, ‘‘पुरे आता.’’ बस्स! मग ती उडून जाते आणि गाव वाचवते. संगीत काय, टाळ्या काय.

पुरे आता? कोणाला म्हणतेस गं, भवाने?

मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि डोळे पुसत बसले. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘ताई, काय झालं? तो बरा आहे, झोपलाय.’’ मी म्हटलं, काही नाही, कामाचं टेन्शन. एका मालिकेतला माणूस मेला म्हणून रडतेय असं त्या जागी बसून कसं सांगणार? तिथे खरी माणसं खुर्च्या रिकाम्या करून जातात आणि कोणी मोठ्याने बोलत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. राग वाढतच चाललाय.

माणूस बदलतो हे मलाही कळतं. पण बदलाची काही तयारी लागते की नाही? आधी कुठे कुरकूर नाही, कंटाळा नाही, डोळ्यांत एकदाही ‘कधी सुटेन’ नाही. उलट तिसऱ्या पर्वात तो म्हणाला होता, मला सोड आणि जा, तर तिने त्याच्या मुस्काटात मारली होती. तेव्हा मी आणि बारक्याने टाळ्या पिटल्या होत्या. आणि आता एकाएकी? लेखक बदलले असणार. कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं असणार, भावाचं ओझं झालंय, कथा पुढे सरकत नाही, उडवा त्याला. ओझं! तेच तर होतं ना सगळं. त्याच्यामुळेच ती भिंगरी होती. तो नसेल तर ती नुसती उडणारी बाई.

निर्मात्यांना पत्र लिहिलं. आधी सभ्य लिहिलं, मग फाडून खरं लिहिलं. आमच्या घरात एक पेशंट आहे आणि तो तुमच्या मालिकेच्या भरवशावर शनिवार ते शनिवार जगतो, तुम्हाला लाज वाटली पाहिजे, असं लिहिलं. उत्तर आलं ते मशीनचं. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बारक्याला कुठून तरी कळलं. परदेशात भाग आधी दिसतो, तिथल्या लोकांनी बोंबाबोंब केलीच असेल. मला म्हणाला, ‘‘सोडते म्हणे त्याला.’’ मी म्हटलं, अफवा आहेत, तू कशाला असलं वाचतोस.

पण परिणाम झालाच. दुपारी स्वयंपाकघरात आले तर हा पेला भरून पाणी पीत उभा. आख्खा पेला, घटाघटा. दिवसाला मोजून मिळणारं पाणी! नऊ वर्षं याने बर्फाच्या खड्यावर काढली. मी ओरडले. तो मिशी पुसत म्हणाला, ‘‘काय गोड लागतं गं पाणी. विसरलोच होतो.’’ वर मांडीतली नळी नको म्हणतोय. डॉक्टरांना तारीख दिली का विचारलं तर म्हणे, बघू, घाई काय.

इतका शिस्तीचा माणूस आणि एका आठवड्यात ढासळला. मला एकच कारण दिसतं. नऊ वर्षांत त्याने मला कधी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे, तो त्या दोघांकडे बघून तग धरतो. त्या दोघांना जमतंय म्हणजे आम्हालाही जमेल. आणि त्या दळभद्री लेखकांनी तेवढंही ठेवलं नाही.

काहीतरी केलं पाहिजे. ओठ तर माझ्याच ताब्यात आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

केलं.

‘पुरे आता’ला मूळ नटीचे ओठ आधी मिटतात, मग उघडून दोनदा हलतात. मी लिहिलं, ‘‘परत येते.’’ चपखल बसतं. इतकं चपखल, की मूळ वाक्य हेच असावं आणि त्यांनीच चुकून दुसरं घेतलं असं वाटावं. भिंगरीला आवाज देणारी मुलगी कागद बघून म्हणाली, ‘‘अय्या, येणार आहे का ती परत?’’ मी म्हटलं, तू बोल गं. ती बोलली. काय बोलली! रेकॉर्डिंग करणारा दादा काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. दिग्दर्शिका फोनवर होती, तिने मान हलवली आणि घेतलं.

पुढच्या भागांत काय आहे ते आम्हाला माहीत नसतं. एकेक भाग कुलपात बंद येतो. पण ती परत येणारच. इतकी वर्षं मी तिच्या तोंडून बोलतेय, माझ्याइतकी तिला कोण ओळखतं?

८ मार्च, शनिवार

चौथा भाग आज टीव्हीवर लागला, संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून बघितला. धरणाचा प्रसंग आला तेव्हा मी टीव्हीकडे बघितलंच नाही, बारक्याकडे बघत होते. ‘परत येते’ ऐकल्यावर त्याने माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाला, ‘‘छान बसवलंस.’’

‘‘येणार आहे ती,’’ मी म्हटलं.

‘‘हं.’’

मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर नुसती धमाल चाललीये. आपल्या भाषेतल्या भागात ती परत येते म्हणाली, म्हणजे पुढे नक्की येणार, असं सगळे एकमेकांना सांगतायत. मी तिथे टोपणनावाने असते. एक मुलगी म्हणाली, त्या दोन शब्दांनी मी आज जेवले. मलाही भूक लागली.

जेवताना बारक्याने वेगळाच विषय काढला. मुख्य कचेरीत मोठ्या कामासाठी माणूस हवाय, दिग्दर्शिकेने मागे दोनदा मला विचारलं होतं, ती जागा अजून रिकामी आहे का? दुसऱ्या गावी जाऊन मी काय करू, म्हटलं, आणि तुझं सोमवार, बुधवार, शुक्रवार कोण करणार? तो म्हणाला, ‘‘विचारून तर ठेव.’’ मग म्हणाला, ‘‘उन्हाळ्यानंतर कधी जाता येईल ते विचार.’’ आता हे उन्हाळ्याचं काय खूळ? जाऊ दे. दोन घास जास्त जेवला, तेवढंच पुष्कळ.

२० मार्च, गुरुवार

संपलं सगळं.

सातवा भाग आला. गावकऱ्यांसमोर भिंगरीची चौकशी चाललीये. एक म्हातारी विचारते, शेवटी तू त्याला काय म्हणालीस? आणि ती सांगते, मी म्हटलं, पुरे आता. मग पुढची दहा मिनिटं त्याच दोन शब्दांवर. ते का म्हटलं, कसं म्हटलं, तिला म्हणण्याचा हक्क होता का. कुठेच हात घालायला जागा नाही. ती परत येत नाही. भाऊ गेलाय. लेखकांनी आख्खा भाग त्या वाक्यावर उभा केलाय आणि आमच्या भाषेत ते वाक्यच नाही.

लपवून काय उपयोग, मी स्वतःच दिग्दर्शिकेला सांगितलं. ती कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. ‘‘मालिका काय तुझ्या घरची आहे का? तुला पटत नाही म्हणून तू बदलणार? हजारो लोक डोळे लावून बसलेत, त्यांना तू खोटं सांगितलंस. मी विश्वासाने बघितलंही नाही गं!’’ तेच जास्त लागलं. चौथा भाग पुन्हा रेकॉर्ड होणार, पुढचे भाग दुसरीकडे जाणार. भिंगरीच्या तोंडात आता परकं कोणी बोलणार.

लिफ्टमध्ये रडले. रस्त्यावर रडले. घराच्या दाराशी तोंड धुतल्यासारखं पुसलं आणि आत गेले. बारक्या म्हणाला, ‘‘लवकर आलीस?’’ मी म्हटलं, वीज गेली होती.

२४ मार्च, सोमवार

हे लिहिलं पाहिजे. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नव्हतं.

डायलिसिसहून आल्यावर बारक्या झोपतो. आज झोपला नाही. म्हणाला, ‘‘वीज बिज काही गेली नव्हती. तुझ्या दिग्दर्शिकेने मला फोन केला होता. काळजीत होती. लॅपटॉप आण.’’

त्याने धरणाचा प्रसंग लावला आणि आवाज बंद केला. मी म्हटलं, मला नको दाखवू, पाठ आहे मला.

‘‘तुला तोंडं पाठ आहेत, तायडे. हात बघ.’’

मग तो एकेक चित्र पुढे सरकवत गेला. तिची मूठ आवळलेली. बोटांची पेरं पांढरी पडलेली. त्याचा हात तिच्या मुठीत. आणि मग त्याची बोटं उघडली. त्याची. आधी करंगळी, मग एकेक. तिची मूठ तशीच घट्ट, आणि त्याचा हात त्यातून सुटत जातो. तो निसटला तरी ती मूठ मिटलेलीच. तिने सोडलाच नव्हता. त्याने सोडला. आणि तिने ते बघितलं, तिला कळलं, आणि मग ती म्हणाली, पुरे आता.

‘‘दमलेल्याला म्हणतात ना, तसं म्हणालीये ती,’’ बारक्या म्हणाला. ‘‘ओरडून नाही.’’

इतक्या वेळा बघूनही मला दिसलं नव्हतं. मी तिचे ओठ मोजत होते.

मी म्हटलं, मग तिने आणखी जोराने धरायचं. मनगट धरायचं. दुसऱ्या हाताने धरायचं. गाव गेलं खड्ड्यात. मी बोलतच राहिले. लेखकांना शिव्या दिल्या, त्या नटाला दिल्या, कॅमेरावाल्याला दिल्या. तो ऐकत बसला. माझं संपल्यावर म्हणाला, ‘‘मांडीतली नळी मी नाही घालून घेणार. डॉक्टरांशी बोललोय. त्या चहाच्या दिवशीच बोललो.’’

मला पटकन कळलंच नाही. मी विचारलं, मग कुठे घालणार?

‘‘कुठेच नाही.’’

मी त्याच्या मुस्काटात मारली नाही. मारायची होती. त्याच्या दंडाला धरून हलवलं, आणि तो इतका हलका लागला की माझी मीच घाबरले. किती दिवसांत मी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं? म्हटलं, मी काय करू मग? नऊ वर्षं केलं ते कशासाठी केलं? तोही रडायला लागला. आम्ही दोघं वेड्यासारखे रडत होतो आणि समोर लॅपटॉपवर ती मूठ तशीच थांबलेली.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. डायलिसिस झाल्यावर खाली त्यांच्या खोलीत बसलो. मी रात्रभर भांडण तयार केलं होतं. नवीन औषधं, दुसरं हॉस्पिटल, दुसरी किडनी. डॉक्टरांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मांडीतली नळी काही महिने चालेल, मग जंतुसंसर्ग, मग पोटातल्या मोठ्या नसेत नळी, मग काहीच नाही. पोटात पाणी सोडून डायलिसिस करतात तो प्रकार आम्ही करून बसलोय. तो जे मागतोय ते चूक नाही, म्हणाले. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतात, नर्स घरी येईल. डायलिसिस थांबवल्यावर साधारण आठवडा, कधी थोडं जास्त. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली.

‘‘ताई, तुमचं काही म्हणणं आहे?’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘नको, असं आहे.’’

ते लिहायचे थांबले. बारक्या म्हणाला, ‘‘लिहा डॉक्टर, तेही लिहा. तिचं लिहिलेलं आजवर कोणी कापलेलं नाही, गेल्या आठवड्यापर्यंत.’’ आणि हसला. डॉक्टरही हसले. मी एकटीच नाही हसले.

येताना त्याने वाटेत गाडी थांबवायला लावली आणि थंड पाण्याची मोठी बाटली घेतली. मी झाकण उघडून दिलं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी नेहमीच्या वेळेला जाग आली. दोघांच्या चपला दाराशी काढून ठेवल्या, त्याची शाल घेतली, आणि मग लक्षात आलं, आता जायचं नाहीये. परत जाऊन बसले.

बारक्या जागा होता. उशा लावून बसवलं. पायांना सूज आहे, पण चेहरा निवांत. विचारलं, बोलायचं का डॉक्टरांशी अजून? अजूनही जाता येईल, गाडी काढते. त्याने मानेनेच नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. दहा मिनिटांनी पुन्हा. शेवटी तो म्हणाला, ‘‘तायडे, पुरे.’’ चिडून नाही म्हणाला.

मग डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला. आधी त्याची चौकशी केली. मग घुटमळल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, विचारायला जीभ रेटत नाही. पण त्याची सकाळची खुर्ची... यादीत एक जण आहेत थांबलेले, खूप दिवस. त्यांना देऊ का? की ठेवू अजून?’’

मला म्हणायचं होतं, ठेवा. ठेवा हो, चार दिवस ठेवा, त्याचं मन बदललं तर? सिस्टर पलीकडे वाट बघत होत्या. बारक्या माझ्याकडे बघत होता, फोनमधलं सगळं त्याला ऐकू जात होतं.

‘‘द्या,’’ मी म्हटलं.

फोन ठेवला. त्याने विचारलं, ‘‘कोण आहे? बाई की बुवा?’’ मी म्हटलं, मी नाही विचारलं. त्याने पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाला, ‘‘त्या खुर्चीवर अकरानंतर ऊन येतं, थेट डोळ्यांवर. हात अडकलेले असतात, पडदा ओढता येत नाही. आधीच ओढून घ्या म्हणावं. नवीन माणूस संकोचाने सांगत नाही.’’

मी पुन्हा फोन लावला आणि सिस्टरना पडद्याचं सांगितलं.